जे. पॉल गेटी यांचे धन, यश व विवाहविषयक विचार : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अमेरिकन उद्योगजगताच्या इतिहासात जीन पॉल गेटी (१८९२–१९७६) या तेलउद्योजकाचे स्थान महत्त्वाचे आहे. १९५७ मध्ये ‘फॉर्च्यून’ या मासिकाने अमेरिकेतील सर्वाधिक श्रीमंत व्यक्ती म्हणून त्यांचे नाव प्रसिद्ध केले आणि तोपर्यंत सामान्य अमेरिकन नागरिकाला फारसा परिचित नसलेला हा माणूस एकाएकी जगभर कुतूहलाचा विषय बनला. त्यानंतरच्या दोन दशकांत गेटी यांनी स्वतःच्या अनुभवांवर विपुल लेखन केले. पैसा कसा मिळवावा, यशस्वी माणसाची मनोवृत्ती कशी असते, कर्मचाऱ्यांशी कसे वागावे, कलावस्तूंचा संग्रह कसा करावा आणि उद्योगपतीचे वैवाहिक जीवन का अपयशी ठरते, अशा अनेक विषयांवर त्यांनी मते मांडली. त्यांच्या नावावर खपणारी सुभाषिते आजही यशविषयक पुस्तकांतून उद्धृत केली जातात.

अशा विधानांना ऐतिहासिक साधन म्हणून किती मोल द्यावे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. श्रीमंत माणसाचे श्रीमंतीविषयीचे मत हे अनुभवसिद्ध असल्यामुळे प्रमाण मानण्याकडे वाचकांचा कल असतो. प्रस्तुत लेखात गेटी यांच्या धन, यश व विवाह या तीन विषयांवरील विचारांची त्यांच्या व्यवहाराशी, विशेषतः त्यांच्या वडिलांचे मृत्युपत्र आणि आईच्या नावाने १९३४ मध्ये स्थापन झालेला कौटुंबिक न्यास यांच्याशी तुलना करण्याचा प्रयत्न केला आहे. गेटी यांच्या लेखनात हे तीन विषय स्वतंत्रपणे येतात. धन व यश हे जगाला उपदेश करण्याचे विषय आणि विवाह हा वैयक्तिक कबुलीचा विषय, अशी त्यांची मांडणी असते. प्रत्यक्षात मात्र ही तिन्ही सूत्रे एकाच आर्थिक-कायदेशीर रचनेत गुंफलेली होती, हे येथे दाखवावयाचे आहे.

अभ्यासाची साधने

गेटी यांच्या विचारांची प्रमुख साधने म्हणजे त्यांचे स्वतःचे लेखन होय. १९६१ पासून ‘प्लेबॉय’ या मासिकात त्यांनी लिहिलेल्या लेखांचा संग्रह १९६५ मध्ये ‘हाऊ टू बी रिच’ या नावाने प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९६३ मध्ये ‘माय लाइफ अँड फॉर्च्यून्स’ हे आत्मकथन आणि त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९७६ मध्ये, ‘ॲज आय सी इट’ हे दुसरे आत्मकथन प्रकाशित झाले. १९३८ पासून त्यांनी लिहिलेल्या दैनंदिन्या लॉस एंजेलिस येथील गेटी संशोधन संस्थेच्या संग्रहात आहेत. याखेरीज राल्फ ह्युइन्स, रॉबर्ट लेंझनर, रसेल मिलर व जॉन पिअर्सन यांनी लिहिलेली चरित्रे आणि पाचव्या पत्नी थिओडोरा यांचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन ही साधनेही उपलब्ध आहेत. या साधनांची पातळी अर्थातच सारखी नाही. लेख आणि आत्मकथने ही वाचकांसमोर उभे राहून केलेली निवेदने आहेत. मृत्युपत्रे, न्यासाच्या अटी व न्यायालयीन दावे ही व्यवहाराची साधने आहेत. या दोहोंमधील अंतर हाच प्रस्तुत अभ्यासाचा विषय होय.

तेलभूमी व वडिलांचे भांडवल

गेटी यांचे वडील जॉर्ज फ्रँकलिन गेटी हे मिनियापोलिस येथे वकिली करीत. १९०३ मध्ये ते कामानिमित्त बार्टल्सव्हिल येथे गेले. हा प्रदेश आज ओक्लाहोमा राज्यात असला, तरी त्या वेळी तो मूलनिवासी अमेरिकन जमातींसाठी राखून ठेवलेल्या भूभागात मोडत असे. तेथे त्यांनी ओसेज जमातीच्या भूमीतील सुमारे १,१०० एकरांच्या एका तुकड्याचा तेलविषयक भाडेपट्टा ५०० डॉलरना घेतला. त्या जमिनीत तेल लागले आणि वकिलाचा तेलव्यावसायिक झाला. त्यांच्या कंपनीचे नाव मिनेहोमा ऑइल कंपनी असे होते. १९०७ मध्ये ओक्लाहोमास राज्याचा दर्जा मिळाला. मूलनिवासी जमातींच्या जमिनींची वैयक्तिक वाटणी, त्यावरील तेलहक्कांचे भाडेपट्टे आणि बाहेरून आलेल्या भांडवलदारांचा त्यात झालेला प्रवेश ही या प्रदेशातील तेलसमृद्धीची पार्श्वभूमी होती.

पॉल गेटी यांनी दक्षिण कॅलिफोर्निया, बर्कली व पुढे ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतले आणि १९१४ मध्ये ते टल्सा येथे तेलव्यवसायात उतरले. वडील-मुलामधील करार स्पष्ट होता. वडील भांडवल पुरविणार, मुलगा भाडेपट्टे शोधून व्यवहार करणार. नफ्यातील ७० टक्के वडिलांचे व ३० टक्के मुलाचे. याखेरीज मुलास दरमहा १०० डॉलर खर्चासाठी मिळत. १९१५ च्या अखेरीस गेटी यांनी नॅन्सी टेलर हिच्या नावे असलेल्या जमिनीच्या भाडेपट्ट्यातील अर्धा हिस्सा ५०० डॉलरना मिळविला. लिलावात आपल्या वतीने बोली लावण्यासाठी त्यांनी एका बँकेचा माणूस उभा केला होता. त्यामुळे या बोलीमागे एखादी बडी कंपनी असावी, असा इतर बोलीदारांचा समज झाला व त्यांनी माघार घेतली. १९१६ च्या प्रारंभी त्या विहिरीस तेल लागले आणि त्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वी, गेटी यांची कमाई दहा लाख डॉलरवर पोहोचली.

हा प्रसंग गेटी यांच्या यशकथेचा प्रारंभबिंदू मानला जातो. धाडस, चातुर्य व मेहनत हे गुण त्यात निश्चितच आहेत. परंतु ७० व ३० टक्क्यांचा करार त्यांनी स्वतः आत्मकथनात लपविलेला नसला, तरी यशाचे सामान्य नियम सांगताना मात्र तो मागे पडतो, ही बाब लक्षात घ्यावयास हवी.

धनविषयक विचार

गेटी यांच्या मते धन म्हणजे रोकड नव्हे, तर कामास लावलेले भांडवल. आपली संपत्ती तेलविहिरी, शुद्धीकरण कारखाने, तेलवाहू जहाजे आणि कंपन्यांचे समभाग यांत गुंतलेली असून खर्चासाठी हाताशी असलेली रक्कम लोकांच्या कल्पनेपेक्षा फारच थोडी आहे, असे ते वारंवार सांगत. ज्याला आपली संपत्ती मोजता येते तो खरा अब्जाधीश नव्हे, अशा आशयाचे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे विधान याच विचारातून आलेले आहे. धन साठविण्यात नव्हे, तर उत्पादनात गुंतविण्यात त्याची सार्थकता आहे आणि केवळ चैनीसाठी पैसा मिळविणारा माणूस खरा श्रीमंत नव्हे, असा त्यांचा आग्रह होता.

या विचाराचा सर्वांत यशस्वी प्रयोग त्यांनी १९३० च्या दशकातील महामंदीत केला. शेअर बाजार कोसळल्यामुळे तेलकंपन्यांच्या समभागांची किंमत त्या कंपन्यांच्या मालकीच्या तेलसाठ्यांच्या मूल्यापेक्षाही खाली गेली होती. अशा वेळी जमिनीत नव्या विहिरी खोदण्यापेक्षा बाजारातून समभाग विकत घेणे हाच तेल मिळविण्याचा स्वस्त मार्ग आहे, हे गेटी यांनी ओळखले. पॅसिफिक वेस्टर्न या कंपनीवर त्यांनी ताबा मिळविला आणि १९३२ पासून टाइड वॉटर असोसिएटेड या मोठ्या कंपनीचे समभाग घेण्यास प्रारंभ केला. तिच्यावर पूर्ण वर्चस्व मिळविण्यास त्यांना जवळजवळ दोन दशके लागली. इतर विकतात तेव्हा खरेदी करावी व घेतलेले दीर्घकाळ धरून ठेवावे, हे त्यांचे सूत्र येथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

दुसरा मोठा प्रयोग म्हणजे १९४९ मधील सौदी अरेबियाशी झालेला करार होय. सौदी अरेबिया व कुवेत यांच्यामधील तटस्थ प्रदेशातील सौदी हिश्शाची तेलसवलत मिळविण्यासाठी गेटी यांनी ९५ लाख डॉलर रोख, दरवर्षी किमान १० लाख डॉलर आणि प्रत्येक बॅरलमागे ५५ सेंट रॉयल्टी देण्याचे मान्य केले. त्या काळातील प्रचलित दरांच्या तुलनेत ही रॉयल्टी फार मोठी होती आणि प्रस्थापित कंपन्यांनी त्याविषयी नाराजी व्यक्त केली. १९५३ मध्ये तेथे तेल लागेपर्यंत सुमारे ३ कोटी डॉलर खर्च झाले होते. १९५७ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या श्रीमंतीमागे या तेलाचा मोठा वाटा होता. डिसेंबर १९५० मध्ये अरामको कंपनीस सौदी सरकारशी नफ्याची निम्मी वाटणी मान्य करावी लागली. मध्यपूर्वेतील तेलाच्या अटी बदलण्याच्या या प्रक्रियेत गेटी यांच्या कराराचाही हातभार लागला.

काटकसरीबाबत त्यांची ख्याती सर्वश्रुत आहे. इंग्लंडमधील सरे परगण्यातील सटन प्लेस हा ट्यूडरकालीन वाडा त्यांनी १९५९ मध्ये घेतला आणि तेथे पाहुण्यांसाठी नाणी टाकून वापरावयाचा टेलिफोन बसविला. वाड्यात येणारे-जाणारे व कामगार दूरदूरच्या गावी फोन करीत, त्याचा भुर्दंड घरमालकाने का सोसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. वृत्तपत्रांनी हा कंजूषपणाचा नमुना म्हणून रंगविला. तथापि गेटी यांच्या दृष्टीने घर व कार्यालय यांच्या हिशेबात तत्त्वतः भेद नव्हता. त्यांच्या वैवाहिक जीवनाचा विचार करतानाही हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

यशविषयक विचार

यशाविषयी गेटी यांनी मांडलेले नियम थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येतील : माणसाने स्वतःचा व्यवसाय करावा, व्यवसायाचे मूलभूत ज्ञान प्रत्यक्ष कामातून मिळवावे, गर्दीच्या मताविरुद्ध निर्णय घेण्याचे धैर्य बाळगावे, खर्चावर बारीक नजर ठेवावी, नफा पुन्हा व्यवसायात घालावा. कर्मचाऱ्यांचे त्यांनी मनोवृत्तीनुसार वर्ग पाडले होते. केवळ पगारापुरते काम करणाऱ्याहून, दुसऱ्याच्या कंपनीतही मालकाप्रमाणे नफा-तोट्याचा विचार करणारा माणूस त्यांना श्रेष्ठ वाटे. लवकर उठणे, कष्ट करणे आणि तेल सापडणे, अशी यशाची त्रिसूत्री त्यांनी सांगितल्याची जी आख्यायिका आहे, तिच्यात विनोदाने का होईना, दैवाचा वाटा मान्य केलेला दिसतो.

या नियमांतील यशस्वी माणूस एकटा आहे. त्याला वडील नाहीत, आई नाही, पत्नी नाही. वारसा नाही आणि वारसही नाहीत. गेटी यांचे प्रत्यक्ष व्यावसायिक जीवन मात्र प्रथम वडिलांच्या भांडवलावर आणि नंतर आईच्या निर्णयावर आधारलेले होते. ही विसंगती समजून घेण्यासाठी त्यांच्या विवाहांकडे वळावे लागते.

विवाहविषयक विचार

गेटी यांचे पाच विवाह झाले. पहिला १९२३ मध्ये जिनेट ड्युमाँट यांच्याशी, दुसरा १९२६ मध्ये ॲलीन ॲशबी यांच्याशी, तिसरा १९२८ मध्ये जर्मनीतील अडॉल्फिन हेल्मले यांच्याशी, चौथा १९३२ मध्ये चित्रपट अभिनेत्री ॲन रॉर्क यांच्याशी आणि पाचवा १९३९ मध्ये गायिका थिओडोरा लिंच यांच्याशी. हे पाचही विवाह घटस्फोटात संपले. दुसरा विवाह वगळता इतर विवाहांपासून त्यांना एकूण पाच पुत्र झाले.

या अपयशाची गेटी यांनी टाळाटाळ केली नाही. उद्योगात यश मिळविणारा आपण पती म्हणून अयशस्वी ठरलो, ही गोष्ट त्यांनी आत्मकथनात मान्य केली आहे. काम नेहमी प्रथम आले, पत्नीच्या वाट्याला उरलेला वेळ आला व असा संसार टिकत नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. एका टिकाऊ विवाहाच्या बदल्यात आपण सारी संपत्ती देऊ, अशा आशयाचे उद्गारही त्यांच्या नावावर प्रसिद्ध आहेत. उद्योगात अपयशी ठरलेल्या पुरुषालाच स्त्रीशी स्थिर नाते जोडता येते, असा काहीसा कडवट निष्कर्षही त्यांच्याशी जोडला जातो.

वरवर पाहता ही प्रांजळ कबुली आहे. परंतु तिची रचना पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. या स्पष्टीकरणात विवाहाचे अपयश हे उद्योगातील यशाची किंमत म्हणून मांडले जाते. म्हणजेच अपयशसुद्धा यशाच्याच खात्यावर लिहिले जाते. शिवाय उद्योग आणि संसार ही एकमेकांपासून स्वतंत्र, परस्परविरोधी क्षेत्रे आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. पुढील दोन दस्तऐवज हे गृहीतक खोडून काढतात.

१९३० चे मृत्युपत्र आणि १९३४ चा न्यास

जॉर्ज गेटी यांचे १९३० मध्ये निधन झाले. मुलाचे लागोपाठचे विवाह व घटस्फोट त्यांना मान्य नव्हते. सुमारे एक कोटी डॉलरच्या मालमत्तेपैकी एकुलत्या एका मुलास त्यांनी केवळ पाच लाख डॉलर ठेवले आणि कंपनीवरील नियंत्रण पत्नी सारा यांच्याकडे सोपविले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, स्वतःच्या बळावर लक्षाधीश झालेल्या गेटी यांना आपल्या कुटुंबाच्या कंपनीत आईची संमती मिळविणे भाग पडले. विवाह ही खाजगी बाब नसून तिच्यावरून माणसाच्या भांडवलावरील हक्काचा निर्णय होऊ शकतो, हे या मृत्युपत्राने दाखवून दिले.

सारा गेटी यांचा स्वभाव सावध होता. मंदीच्या काळात कर्ज काढून समभाग विकत घेण्याचे मुलाचे धोरण त्यांना धोक्याचे वाटे. दीर्घ वाटाघाटींनंतर त्यांनी आपला हिस्सा वचनचिठ्ठ्यांच्या मोबदल्यात मुलास दिला. परंतु त्याबरोबरच नातवंडांच्या संरक्षणासाठी एक न्यास स्थापन करण्याचा आग्रह धरला. ३१ डिसेंबर १९३४ रोजी ‘सारा सी. गेटी ट्रस्ट’ अस्तित्वात आला. सारा यांनी त्यात २५ लाख डॉलरच्या वचनचिठ्ठ्या घातल्या व पॉल गेटी यांनी सुमारे १० लाख डॉलर मूल्याचे समभाग दिले. पॉल हेच न्यासाचे विश्वस्त झाले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक खुलासा आवश्यक आहे. विश्वस्त हा शब्द ऐकताच महात्मा गांधींच्या विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेचे स्मरण होते. त्या कल्पनेत धनिक हा समाजाच्या वतीने धन सांभाळणारा असतो. सारा गेटी यांच्या न्यासातही धारक हा पूर्ण मालक नव्हता. परंतु धन सांभाळावयाचे होते ते समाजासाठी नव्हे, तर वंशासाठी. शब्द एकच असला तरी दोन्हींमागील नैतिक दृष्टी भिन्न आहे.

या न्यासाचे परिणाम दूरगामी ठरले. त्यातील समभाग गेटी यांच्या नियंत्रणाखाली राहिले; परंतु ते त्यांची वैयक्तिक मालमत्ता नव्हते. त्यामुळे घटस्फोटाच्या तडजोडींत किंवा वारसाकरात हे भांडवल विखुरले गेले नाही. मुलाच्या जुगारी वृत्तीपासून नातवंडांना वाचविण्यासाठी आईने घातलेले कुंपण हेच पुढे मुलाच्या साम्राज्याची तटबंदी झाले. गेटी यांनी धरून ठेवण्याचे जे सूत्र जगाला सांगितले, त्याचा कायदेशीर आधार या न्यासात होता. यशाच्या नियमांत मात्र सारा गेटी यांच्या या निर्णयाला स्थान मिळालेले नाही.

वैवाहिक कलहाचे प्रतिबिंबही न्यासाच्या अटींत उमटले. तिसऱ्या पत्नी अडॉल्फिन यांच्या वडिलांनी घटस्फोटाच्या वेळी मुलीच्या हक्कांसाठी कसून वाटाघाटी केल्या. गेटी यांच्या मनात त्याविषयी कटुता राहिली. या विवाहातील पुत्र रोनाल्ड यांना आईच्या माहेरून संपत्ती मिळेल, या समजुतीवर न्यासातून त्यांना वर्षाला केवळ ३,००० डॉलर देण्याची मर्यादा घालण्यात आली. इतर भावांच्या उत्पन्नात पुढे प्रचंड वाढ झाली; रोनाल्ड यांची रक्कम तेवढीच राहिली. एका विवाहाचा शेवट कसा झाला, यावर त्या विवाहातून जन्मलेल्या मुलाचे आर्थिक भवितव्य ठरले. हा भेद पुढे न्यायालयापर्यंत गेला.

मुले, नातवंडे व भांडवल

न्यासाचे लाभार्थी मुले होती, पण भांडवल वाढविण्यासाठी रोख लाभांश न देता नफा कंपनीतच ठेवण्याकडे गेटी यांचा कल असे. समभागांच्या रूपाने मिळणारा लाभांश हे उत्पन्न की भांडवल, या प्रश्नावर पुत्र गॉर्डन यांनी १९६० च्या दशकात वडिलांविरुद्ध दावा केला. हा दावा गॉर्डन हरले. परंतु धन म्हणजे कामास लावलेले भांडवल, हा गेटी यांचा विचार लाभार्थींच्या बाजूने कसा दिसत होता, हे या दाव्यातून कळते.

गेटी यांनी १९५१ मध्ये अमेरिका सोडली व ते पुन्हा परतले नाहीत. पाचव्या विवाहातील पुत्र टिमोथी यास लहानपणीच मेंदूत गाठ झाली. त्याच्यावर न्यूयॉर्क येथे उपचार चालू असताना वडील युरोपात होते. १९५८ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या बाराव्या वर्षी त्याचे निधन झाले. अंत्यविधीसही गेटी उपस्थित नव्हते. त्याच वर्षी पाचवा विवाहही संपुष्टात आला. थिओडोरा यांच्या आत्मकथनात प्रेम आहे, तसेच आजारी मुलाच्या उपचारखर्चावरून झालेल्या वादाची वेदनाही आहे. गेटी यांच्या लेखनात पत्नी ही वेळ न मिळालेली स्त्री म्हणून येते. येथे ती एकटीने मुलाचे आजारपण निभावणारी व्यक्ती म्हणून समोर येते.

१० जुलै १९७३ रोजी नातू जे. पॉल गेटी तिसरा याचे रोम येथे अपहरण झाले. तो त्या वेळी सोळा वर्षांचा होता. त्याच्या आधी जेमतेम पाच आठवडे, ६ जून रोजी, ज्येष्ठ पुत्र जॉर्ज यांचा मृत्यू झाला होता. अपहरणकर्त्यांनी १ कोटी ७० लाख डॉलरची मागणी केली. गेटी यांनी नकार दिला. आपली आणखी चौदा नातवंडे आहेत. एकासाठी खंडणी दिली, तर उरलेल्या सर्वांना धोका निर्माण होईल, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. गुन्हेगारांपुढे झुकल्यास गुन्हेगारी वाढते, हा त्यांचा दुसरा मुद्दा होता. नोव्हेंबरमध्ये मुलाचा कापलेला कान एका वृत्तपत्राच्या कार्यालयात आला. त्यानंतर सुमारे ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. चरित्रकारांच्या नोंदीनुसार, गेटी यांनी कर-वजावटीस पात्र ठरणारी सुमारे २२ लाखांची रक्कम स्वतः दिली आणि उर्वरित रक्कम मुलाच्या वडिलांस, म्हणजे आपल्याच पुत्रास, ४ टक्के व्याजाने कर्जाऊ दिली. १५ डिसेंबर १९७३ रोजी मुलाची सुटका झाली.

खंडणी न देण्याचे तत्त्व चर्चेस पात्र आहे. अनेक शासनेही तसेच धोरण बाळगतात. येथे महत्त्वाची आहे ती नंतरच्या हिशेबाची पद्धत. वजावट, कर्ज व व्याज या उद्योगातील संज्ञा कुटुंबाच्या सर्वांत कठीण प्रसंगी जशाच्या तशा वापरल्या गेल्या. उद्योगाने संसारासाठी वेळ ठेवला नाही, एवढाच हा प्रश्न नव्हता. संसारच उद्योगाच्या खातेवहीत मांडला गेला होता.

अखेरचे मृत्युपत्र व संपत्तीचे भवितव्य

६ जून १९७६ रोजी सटन प्लेस येथे गेटी यांचे निधन झाले. १९५८ मध्ये केलेल्या मृत्युपत्रास त्यांनी तोपर्यंत एकवीस पुरवण्या जोडल्या होत्या. निकटच्या स्त्रियांच्या वाट्याच्या रकमा त्यांत वेळोवेळी बदललेल्या दिसतात. आप्तांवरील मर्जी वा नाराजी मृत्युपत्रातून व्यक्त करण्याची वडिलांची रीत मुलानेही पुढे चालविली. वैयक्तिक मालमत्तेचा सर्वांत मोठा भाग, सुमारे ७० कोटी डॉलर मूल्याचे समभाग, मात्र त्यांनी कुटुंबाऐवजी मालिबू येथील संग्रहालयास दिला. हर्क्युलेनियम येथील प्राचीन रोमन वाड्याच्या धर्तीवर बांधलेली या संग्रहालयाची वास्तू १९७४ मध्ये खुली झाली होती. तिच्या निर्मात्याने ती प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही. या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेचे कार्य पुढे जगभर विस्तारले. २०२३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भरलेल्या प्राचीन शिल्पांच्या प्रदर्शनात गेटी संग्रहालयाचा सहभाग होता.

कौटुंबिक न्यासाचे भवितव्य वेगळे ठरले. १९८४ मध्ये गेटी ऑइल कंपनी टेक्साको या कंपनीने सुमारे १० अब्ज डॉलरना विकत घेतली. या व्यवहारातून न्यासाच्या वाट्यास सुमारे ४ अब्ज डॉलर आले. १९३४ मध्ये ३५ लाखांपासून सुरू झालेला हा न्यास त्यानंतर कौटुंबिक वाद मिटविण्यासाठी चार भागांत विभागण्यात आला. कंपनी गेली, वंशावळीनुसार वाटलेली संपत्ती उरली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. गेटी यांचे धनविषयक विचार प्रामाणिक व त्यांच्या व्यवहाराशी सुसंगत होते. धन हे भांडवल आहे, ही भूमिका त्यांनी शेअर बाजारात, सौदी वाळवंटात आणि स्वतःच्या घरातही सारखीच अमलात आणली. घरातील तिचे परिणाम मात्र त्यांनी सिद्धांताचा भाग मानले नाहीत.

२. त्यांचे यशविषयक नियम अर्धेच खरे आहेत. धाडस व दूरदृष्टी त्यांची स्वतःची होती. भांडवल वडिलांचे होते आणि ते टिकवून ठेवणारी कायदेशीर चौकट आईच्या आग्रहातून उभी राहिली होती. न्यासाला नाव सारा यांचे असले, तरी यशकथेत त्या दुय्यम पात्र राहतात.

३. विवाहविषयक कबुलीत उद्योग व संसार यांना परस्परविरोधी मानले आहे. कागदपत्रे याच्या उलट साक्ष देतात. विवाहांमुळे वारसा घटला, मातेच्या चिंतेतून न्यास निर्माण झाला, घटस्फोटाच्या कटुतेतून एका मुलाचा वाटा ठरला. उद्योगाची मांडणीच कुटुंबरचनेवर झालेली होती.

४. यशस्वी व्यक्तींची वचने अध्यापनात व व्यक्तिमत्त्वविकासाच्या उपक्रमांत सर्रास वापरली जातात. अशा प्रत्येक वचनासोबत भांडवल कोणाचे, ते कोणत्या कायद्याने सुरक्षित राहिले आणि त्याची किंमत घरात कोणी चुकती केली, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे. गेटी यांच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या उपदेशपर पुस्तकांपेक्षा त्यांच्या कुटुंबाच्या मृत्युपत्रांत व न्यासपत्रात अधिक स्पष्टपणे मिळतात.